मामाने न पाहिलेले दात

त्या काळात वाकडे दात पाहायचे तर लग्नाचे जुने अल्बम काढावे लागत. त्यात कुणी ओठ घट्ट मिटून हसतंय, कुणी ऐन वेळी पदर तोंडावर नेलाय, एखाद्या करवलीचा सुळा शेजारच्या दातावर चढून बसलाय. पोरं ती पानं उलटत आणि बोट ठेवून विचारत, "हिला काय लागलं होतं?" काही लागलेलं नसे. दात तसे असायचे, एवढंच. पण पोरांना ते पटत नसे, कारण वर्गात, गल्लीत, टीव्हीवर, कुठेच तसं तोंड उरलेलं नव्हतं. सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात तर नाहीच नाही. हा सगळा बदल सुरूच तिथून झाला होता.

तो सुरू केला मिरजेच्या डॉक्टर अभिनंदन उपाध्येने. माणूस हुशार, बोलायला गोड, आणि एकदा स्वतःच्या कामावर आला की समोरच्याचा चहा गार झालाच म्हणून समजा. त्याचं भाषण ठरलेलं होतं आणि ते ऐकायला लोकांना आवडायचंही.

"दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो," तो म्हणायचा. "तो टांगलेला असतो. बाजेला सुतळी विणलेली असते ना, तसे बारीक तंतू त्याला चारी बाजूंनी धरून असतात. दाताला एकीकडे रेटलं की पुढच्या बाजूचं हाड काही पेशी कुरतडून टाकतात आणि मागे जी पोकळी पडते तिच्यात दुसऱ्या पेशी नवं हाड भरतात. म्हणजे दाताला लावलेली तार दात हलवतच नाही. ती नुसती भुणभुण लावते. हलवतं ते शरीर."

पूर्वीच्या उपचाराची रड वेगळीच होती. वर्ष-दोन वर्षं तोंडात तारा वागवायच्या, जिभेला जखमा करून घ्यायच्या, चिक्की आणि मक्याची कणसं सोडायची, आणि शेवटी तारा निघाल्या की दात हळूहळू घरची वाट धरायचे. तंतूंना जुनी जागा आठवत असे, ते दाताला तिकडे ओढत. म्हणून झोपताना प्लास्टिकची पट्टी घालायला सांगत, तीही जन्मभर. लोक थोडे दिवस घालत, मग ती डबी कुठल्या तरी प्रवासात हरवायची, आणि चार वर्षांनी आरशात तोच जुना माणूस हजर.

अभिनंदनने तारही काढली आणि पट्टीही. पेशंटच्याच तंतूंमधल्या थोड्या पेशी घ्यायच्या आणि त्यांना प्रयोगशाळेत एक नकाशा शिकवायचा: कोणता दात कुठे, किती वळलेला, शेजाऱ्यापासून किती लांब. मग त्या परत हिरडीत टोचायच्या. त्यांना तो राखणपेशी म्हणायचा. त्या प्रत्येक मुळाभोवती जाऊन बसत, दातावरची ओढ मोजत, आणि दात नकाशाबाहेर दिसला की कुरतडणाऱ्या पेशींना एका बाजूने आणि भरणाऱ्यांना दुसऱ्या बाजूने कामाला जुंपत. काही महिन्यांत दात जागेवर यायचे. पेशी तिथेच राहायच्या, वाढायच्या, आणि दाताला जागा सोडू द्यायच्या नाहीत. जुने तंतू मग निरुद्योगी होऊन झिजून जात. त्यांचं काहीच काम उरत नसे.

या राखणपेशी सगळ्यांत आधी ज्यांच्या तोंडात गेल्या, त्यांत अभिनंदनची धाकटी बहीण त्रिशला होती.

तिला कुणी विचारलं होतं असं म्हणता येणार नाही. कागदावर तिची सही होती, पण एकोणिसाव्या वर्षी घरातल्या सह्या कशा होतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. अभिनंदनला प्रयोगासाठी माणसं हवी होती. आईला त्रिशलाच्या लग्नाची घाई होती, आणि मुलीचा डावीकडचा सुळा दातावर चढलेला होता. पाहायला येणारी मंडळी पोहे खाता खाता तिथेच बघत. दोघांची गरज एका दुपारी जुळली. त्रिशला जेवणाच्या टेबलाशी बसून ऐकत होती आणि तिला वाटत होतं की हे दुसऱ्याच कुणाच्या तोंडाबद्दल चाललंय.

दात सरळ झाले. सगळे म्हणाले, काय सुंदर हसते. तिला मात्र चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. शिवताना ती त्या सुळ्याने दोरा तोडायची. आता दात दोऱ्यावरून नुसता घसरायचा. शिट्टीही वेगळी वाजायला लागली. एके दिवशी ती दादाला म्हणाली, "मला माझा सुळा परत पाहिजे."

"आं? काय करणार आहेस त्याचं?"

"काही नाही. माझा होता."

दादा हसला. तिने मग स्वतःच नाद घेतला. चमच्याचा दांडा घेऊन ती तो दात दिवसभर बाहेरच्या बाजूला रेटत बसायची. संध्याकाळपर्यंत तो किंचित हलायचा, हिरडी ठणकायची, तिला बरं वाटायचं. सकाळी उठून जीभ फिरवली की दात जागच्या जागी. असं महिनाभर चाललं. मग तिने चमचा ठेवून दिला. आपल्याच तोंडात आपलं कुणी ऐकत नाही, हे एकदा कळलं की माणूस त्याविषयी बोलणं सोडून देतो.

पुढे तिचं लग्न जयसिंगपूरच्या वर्धमान मगदूमशी झालं. माणूस शांत, पंप दुरुस्तीचा कारखाना, घर भरलेलं. सासूबाईंना सगळं गाव आक्का म्हणायचं, म्हणून सूनही आक्काच म्हणायची. आणि लग्नानंतर यथावकाश शाल्मली झाली, म्हणजे घरातली शालू.

शालूला पाचव्या महिन्यातच दात आले, तेही वरचे. आक्कांनी कापडाच्या टोकाने हिरडी पुसताना ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"आगं बया! वरचं आलं की आधी."

वरचे दात आधी आले की ते मामाला जड जातात, अशी समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. तिचा उताराही घरोघरी निराळा. मगदुमांच्या घरात रीत अशी की पहिला वाढदिवस होईपर्यंत मामाने बाळाचे दात पाहायचे नाहीत. वाढदिवसाला चांदीची वाटी आणायची, तिच्यातून बाळाला खीर भरवायची, आणि मगच त्याच्या तोंडात बघायचं. आक्कांनी त्याच दिवशी मिरजेला फोन लावला.

"डॉक्टर, तुम्हाला हसू येईल. पण माझ्या समाधानासाठी करा."

अभिनंदनला हसू आलंच. ज्याने आयुष्यभर लोकांचे दात बघितले त्याने भाचीचेच बघायचे नाहीत! पण विहीणबाईंशी वाद घालून बहिणीच्या संसारात खडा कशाला टाकायचा? शिवाय त्याला त्या दिवसांत श्वास घ्यायलाही फुरसत नव्हती. राखणपेशी आता दक्षिणेकडे, बंगालकडे आणि परदेशात निघाल्या होत्या आणि तो भाषणं देत हिंडत होता. व्हिडिओ कॉलवर शालू समोर आली की तो नाटकीपणाने डोळ्यांवर हात घ्यायचा आणि आक्का पोरीच्या तोंडावर टॉवेल धरायच्या. सगळं घर हसायचं. त्रिशलाही हसायची.

इकडे शालूच्या तोंडात एकामागून एक दात येत राहिले. ओळीने, एकसारखे, लख्ख. जो येई तो म्हणे, "हसू अगदी आईचं घेतलंय हो." त्रिशलाला हे ऐकून अभिमान वाटायचा. कुणाला वाटणार नाही?

वाढदिवसाला मामा वाटी घेऊन आला. मगदुमांकडे सूर्य मावळायच्या आत जेवणं होतात, म्हणून सगळं दुपारीच होतं. आक्कांनी वाटी हातात घेऊन तोलून पाहिली. "सराफ म्हणत होता, हल्ली या वाट्या लई खपतात. सगळ्यांच्याच पोरांना वरचं आधी यायला लागलेत जणू." लोक हसले. अभिनंदनने शालूला मांडीवर घेतलं आणि खिरीचा चमचा तिच्या ओठांशी नेला. ती हसली.

अभिनंदनचा हात थांबला. चमच्यातली खीर पोरीच्या नव्या झबल्यावर सांडली तरी त्याला कळलं नाही. ती ओळ तो ओळखत होता. पुढच्या दोन दातांचा रुंद कंस, त्यांना लागून किंचित आत घेतलेले शेजारी, डावीकडे सुळ्याच्या जागी ठेवलेलं केसाएवढं जास्तीचं अंतर. ती त्याने स्वतः काढली होती, बहिणीसाठी, कितीतरी वेळा खोडून.

"दादा?" त्रिशलाने विचारलं. "काय झालं?"

"उद्या हिला घेऊन मिरजेला ये," तो म्हणाला. मग आजूबाजूचे चेहरे पाहून त्याने उरलेली खीर नीट भरवली.

दुसऱ्या दिवशी शालूच्या जबड्याचं चित्र पडद्यावर होतं. आक्का आणि वर्धमान तिला घेऊन बाहेर बसले होते. खोलीत भाऊ आणि बहीण.

"प्रत्येक आईच्या थोड्या पेशी पोटातल्या बाळात उतरतात," अभिनंदन म्हणाला. "वारेतून. आपल्या आईच्या तुझ्यात आहेत, माझ्यात आहेत. जन्मभर राहतात. एरवी नुसत्या पडून असतात, कुणाला त्रास नाही. पण तुझ्या पेशींत राखणपेशीही होत्या."

"त्या शालूत गेल्या?"

"गेल्या."

"आणि तू हे आधी तपासलं नव्हतंस?"

"उंदरांची पिल्लं तपासली होती. त्यांचं रक्त बघितलं. रक्तात एकही सापडली नाही."

"मग?"

"त्या रक्तात राहतच नाहीत, त्रिशू. सरळ जबड्यात जाऊन बसतात. आम्ही त्या जिथे नसतात तिथे शोधल्या आणि नाहीत म्हणून लिहून टाकलं."

त्रिशलाने पडद्याकडे पाहिलं. दुधाच्या दातांच्या मुळांशी पक्क्या दातांचे कोंब दिसत होते, शिस्तीत लागलेले, आपापल्या जागा धरून. तिला ते पाहवेना.

"म्हणजे तिचे दात माझ्यासारखे होणार. एवढंच ना?"

"एवढंच असतं तर बरं होतं. नकाशा मोठ्या बाईचा आहे. पेशींना ती बाळ आहे हे माहीत नाही. त्यांना एवढंच कळतं की दात जिथे हवेत तिथे नाहीत. त्या जबडा रुंद करत नेणार, घाईने. चार-पाच वर्षांची होईल तेव्हा चेहरा पोरीचा असेल आणि तोंड तुझं. मग ते तिथेच थांबेल. आणि पुढे तिला मूल झालं तर त्यालाही तेच."

"काढून टाक त्यांना. मारून टाक. औषध आहे ना तुझ्याकडे?"

औषध होतं. त्याच्या मिरजेच्या केंद्रात त्याला 'विसर-लस' म्हणत. ती टोचली की राखणपेशी मरत. अभिनंदनने ते चित्र मोठं केलं आणि पेन्सिलीने दाखवलं.

"दात येण्याच्या आधी, किंवा आल्या-आल्या ती दिली असती तर मागून तिचे स्वतःचे तंतू तयार झाले असते. आता जागा राखणपेशींनी घेतल्यात. तंतू जन्मलेच नाहीत. आज पेशी मारल्या तर हे सगळे दात गळून पडतील, आणि खालचे कोंबही. त्यांनाही धरायला दुसरं कुणी नाही. दात नाहीत म्हणजे जबडाही वाढणार नाही. बोलणं, चावणं, चेहरा, सगळंच गेलं."

"आल्या-आल्या म्हणजे कधी?"

त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"पाचव्या महिन्यात?"

"नकाशा वरच्या पुढच्या दोन दातांपासून सुरू होतो," तो खाली बघत म्हणाला. "बाकीचे त्यांच्यापासून मोजतात. त्यामुळे ज्या बाळात राखणपेशी असतील त्याला वरचेच आधी येणार. ही खूण होती. डोळ्यांदेखत होती. आपल्याकडे तिला आधीच एक कारण दिलेलं होतं, म्हणून दुसरं कुणी शोधलं नाही."

त्याने आदल्या संध्याकाळी फोन केले होते. त्याच्या पहिल्या पेशंटांपैकी ज्या आया झाल्या होत्या, त्या सगळ्यांना. प्रत्येकीने आधी तक्रारच नाही म्हणून सांगितलं. मग त्याने मुद्दाम विचारलं तेव्हा एकेक म्हणाली, हो, वरचे आधी आले होते, पण मामाने वाटी दिली, कुणाकडे मामाने कापड दिलं, कुणाकडे मामाने तेलात तोंड पाहिलं. सगळ्यांनी आपापला उतारा केला होता आणि निर्धास्त झाले होते. ज्या मुलखात अशी रीत नाही तिथल्या आया कदाचित डॉक्टरकडे धावल्या असत्या. पण तिकडे उपचार उशिरा पोहोचला होता आणि तिकडची बाळं अजून पोटात होती.

"मामावर येतं म्हणतात," अभिनंदन पुटपुटला. "आलंच."

त्रिशला ताडकन उठली. "तुझ्यावर कुठे आलं? तू बसलायस की इथे धडधाकट. आलं ते माझ्या पोरीवर." तिचा आवाज बाहेर गेला असावा, कारण दार उघडून आक्का आत आल्या. त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. त्या दाराला धरून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मीच बघू नका म्हणाले. माझ्याच तोंडाने म्हणाले." त्रिशलाला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याजवळ जाऊन बसावंसंही वाटत होतं. शेवटी ती जाऊन बसली.

एक मार्ग मात्र होता, आणि अभिनंदनने तो दोन दिवसांनी जयसिंगपूरला येऊन सांगितला. पेशी मारता येत नव्हत्या, पण त्यांना नवा नकाशा शिकवता येत होता. लहान जबड्याचा, शालूच्या वयाचा. टोचला की आईचा नकाशा पुसला जाणार. चेहरा वाढेल तसा दर वर्षी नवा नकाशा द्यावा लागेल, ती मोठी होईपर्यंत. अडचण एकच होती.

"नकाशा कुणाचा?" वर्धमानने विचारलं. तो फारसा बोलायचा नाही, पण यंत्राचा माणूस असल्याने नेमकं बोलायचा.

"तोच प्रश्न आहे."

"तिचाच द्या की," त्रिशला म्हणाली. "तिचे तिचे दात जसे आले असते तसा."

"ते कुणालाच माहीत नाही."

"जनुकांवरून कळत नाही?"

"घडण कळते थोडीफार. जबडा मगदुमांचा की उपाध्यांचा, एवढं. पण दात वाकडे होतात ते जगताना होतात गं. कुणी अंगठा चोखतं, कुणी पडून दुधाचा दात लवकर पाडतं, कुणी एकाच कुशीवर झोपतं. तिचं ते व्हायचंच होतं. ते झालं नाही, आणि आता राखणपेशी होऊ देणार नाहीत. नकाशा दिला नाही तर तुझा चालू राहणार. रिकामी जागा अशी काही नसतेच."

खोलीची दारं उघडी होती, बाहेर रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते, आणि तरी त्रिशलाला कोंडल्यासारखं झालं. एकोणीस वर्षांची असताना जेवणाच्या टेबलाशी ज्या बाजूला ती बसली होती, त्याच्या बरोबर समोरच्या खुर्चीवर आता तिला बसवलं जात होतं. उठून जायची सोय नव्हती. उठून जाणं म्हणजेही ठरवणंच होतं.

ठरलेल्या दिवशी सगळे मिरजेला गेले. पडद्यावर गुलाबी कमान होती आणि तिच्यात पांढरे, निराकार ठिपके. अभिनंदनने तिच्या हातात पेन दिलं. ठिपका सरकवला की दात सरकत होता.

"मी नाही काढणार," त्रिशला म्हणाली. घरून येतानाच तिने ठरवलं होतं. "यंत्राला काढू दे. कसेही. फासे टाकल्यासारखे. जसे निसर्गाने टाकले असते तसे."

"टाकतो," अभिनंदन म्हणाला. त्यालाही हे आवडलेलं दिसलं. त्याने बटण दाबलं.

ठिपके हलले आणि थांबले. खालचे पुढचे दात एकमेकांत घुसलेले, वरचा एक आत दबलेला, त्याच्या शेजारचा तिरका. असं तोंड पूर्वी दर चौथ्या घरात असायचं.

"आगं बाई," आक्का म्हणाल्या. "हे नको."

वर्धमानने शालूला थोडं जवळ घेतलं.

"हे म्हणजे..." त्रिशला म्हणाली. "खालचे फारच. घासताना त्रास होईल तिला. दुसरा काढ."

अभिनंदनने दुसरा काढला. त्यात पुढे फट होती. तिसऱ्यात दात पुढे आलेले होते. तिने तिसऱ्यालाही नको म्हणून मान हलवली आणि मग तिच्या लक्षात आलं की भाऊ बटणावर बोट ठेवून तिच्याकडे पाहतोय.

"फाशांतून निवडायचं नसतं, त्रिशू."

"मग मला दाखवू नकोस. न दाखवता टोच."

"टोचतो. पण दात तर तुला दिसतीलच. पुढच्या वाढदिवसाला पुन्हा नकाशा द्यायचा आहे. तेव्हा मी विचारणार, हा तिरका आहे तो तसाच ठेवू का? त्याच्या पुढच्या वर्षीही विचारणार. आणि तू दर वर्षी म्हणशील, हो, तसाच ठेव?"

त्रिशलाने पेन उचललं. सगळे ठिपके तिने ओळीत आणले, सरळ, लहान, शालूच्या चेहऱ्याला शोभतील असे. मग डावीकडचा सुळा उचलून शेजाऱ्यावर थोडा चढवला. तिच्या होता तितका नाही. जरासाच. पोरीचं स्वतःचं काहीतरी असावं एवढाच.

तिने पेन खाली ठेवलं आणि त्या दाताकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांपुढे आलं, पंधरा वर्षांची शालू आरशासमोरून वळून विचारते, आई, माझा एकच दात असा का? आजवरच्या आयांना या प्रश्नाचं सोपं उत्तर होतं. देवाने दिला, आजीवर गेलाय, अंगठा चोखायचीस. त्रिशलाला म्हणावं लागणार होतं, मी काढला. मुद्दाम. सरळ काढता येत असताना. आणि शालू विचारणार, का? तुला आवडायचं म्हणून?

त्या क्षणी तिला कळलं की वाकडा दात फक्त कुणीच न ठरवता येऊ शकतो. ठरवायची वेळ आली की कुठलीही आई तो देऊ शकत नाही. ती नाही, या केंद्रात पुढे येतील त्या नाहीत, शालूही नाही. आपल्या आईचा तिला किती वर्षं राग होता. तो कुठे ठेवावा हेच आता तिला समजेना.

"तसाच ठेवू?" अभिनंदनने विचारलं.

तिने पेन घेतलं आणि सुळा खाली ओळीत आणला. पहिल्यांदा तो थोडा कललेला राहिला. तिने तोही सरळ केला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिने दंडाला पुसलं.

"लाव," ती म्हणाली.

अभिनंदनने सुई तयार केली आणि दिवा वळवला. वर्धमानच्या मांडीवर शालू दिव्याकडे बघत होती. गेला आठवडाभर मापं घ्यायला तिला इथे आणत होते, तिला सवय झाली होती. कुणी काही सांगायच्या आधीच तिने आपण होऊन तोंड उघडलं.